स्वतःच्या पायावर उभे राहणे म्हणजे काय?

— बी. ए. द्वितीय वर्ष

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारला होता : शिकून तुम्हाला काय करायचे आहे? आमच्या वर्गातली पुष्कळ मुलेमुली अशा घरांतून आली आहेत, की ज्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी ही पहिलीच पिढी. एकामागून एक सगळे उठले आणि जवळजवळ सर्वांनी एकच उत्तर दिले : ‘‘स्वतःच्या पायावर उभे राहायचे आहे.’’ मीही तेच म्हणालो.

घरी आल्यावर ही हकिकत मी ताईला सांगितली. ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिने सगळे ऐकून घेतले, एकदा स्वतःच्या पायांकडे पाहिले आणि हसत हसत म्हणाली, ‘‘मंग माह्यं कसं?’’

ताईला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. स्वतःच्या पायावर ती कधीच उभी राहिलेली नाही. तिने प्रश्न थट्टेत विचारला होता, पण मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर वर्षभर या विषयावर मी जे वाचले, शिक्षकांना विचारले आणि घरात डोळे उघडे ठेवून पाहिले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. लिहिण्यापूर्वी ताईची परवानगी घेतली. तिने ती एका अटीवर दिली : लेखात ‘बिचारी’ हा शब्द येता कामा नये. अट सांगण्यापुरता तो एकदा आला, तेवढा तिने माफ करावा.

रोग नव्हे, अवस्था

सेरेब्रल पाल्सीला मराठीत ‘मेंदूचा पक्षाघात’ म्हणतात. नावात पक्षाघात असला, तरी म्हातारपणी अंगावरून वारे जाते तो हा प्रकार नव्हे. बाळ पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे मेंदू वाढत असतानाच त्याला इजा होते. आपल्या प्रत्येक हालचालीचा हुकूम मेंदूतून सुटतो. पाय चांगला, हाड चांगले, स्नायूही चांगला. पण हुकूमच चुकीचा पोहोचला तर पाय काय करणार? कोणाचे स्नायू ताठर होतात, कोणाचे हातपाय मनात नसताना हलत राहतात, कोणाचा तोल सांभाळला जात नाही. काहींच्या बाबतीत हे सगळे थोडे थोडे एकत्र असते. जीभ, जबडा आणि श्वास यांनाही मेंदूचाच हुकूम लागतो, म्हणून कित्येकांचे बोलणे अस्पष्ट होते.

हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांना ही अवस्था येते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मणे, जन्मतः वजन फार कमी असणे, गरोदरपणी आईला झालेला संसर्ग, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, बाळाची फार वाढलेली कावीळ, तान्हेपणीचा मेंदूज्वर, अशी तिची अनेक कारणे आहेत. कित्येकदा नेमके कारण सापडतच नाही.

लंडनमधील डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांनी एकोणिसाव्या शतकात या अवस्थेचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. त्यांना स्वतःला लहानपणी पोलिओ होऊन पाय अधू झाला होता. अवघड बाळंतपण आणि मुलांचे ताठरलेले अवयव यांचा संबंध त्यांनी १८६१ साली मांडला, आणि पुढे बरीच वर्षे या अवस्थेला ‘लिटलचा रोग’ म्हणत. मानसशास्त्राच्या पेपरात आपण ज्या सिग्मंड फ्रॉइडचा अभ्यास करतो, त्याने मनाकडे वळण्यापूर्वी याच विषयावर काम केले होते, हे वाचून मला आश्चर्य वाटले. १८९७ च्या आपल्या ग्रंथात त्याने वेगळी शंका घेतली : अवघड बाळंतपण हे नेहमी मूळ कारणच असेल असे नाही, पोटातच काही बिघडलेले असल्यामुळेही बाळंतपण अवघड होत असेल. आजच्या संशोधनाने या शंकेला बराच आधार दिला आहे.

ही माहिती मी आईला सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. ताई जन्मल्यावर उशिरा रडली, आणि ‘‘तूच कायतरी उचललं असशील जड’’ असे तिला नातेवाइकांनी बावीस वर्षे ऐकवले आहे. फ्रॉइडचे नाव तिला माहीत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या एका शंकेने तिच्या डोक्यावरचे ओझे थोडेसे तरी उतरले असावे.

आणखी दोन गोष्टी सांगणे जरूर आहे. एक, मेंदूची ही इजा वाढत जात नाही. मात्र व्यायाम न मिळाल्यास सांधे आखडतात आणि त्रास वाढतो. दुसरी, शरीर ताठर म्हणून बुद्धी मंद, असे समजू नये. काहींना बौद्धिक अडचण असते, काहींना फिट्स येतात, काहींना कमी ऐकू येते. पण कित्येकांची बुद्धी तुमच्याआमच्यासारखीच असते. बोलणे अस्पष्ट असले की समोरचा माणूस विचारही अस्पष्ट असतील असे धरून चालतो. ही चूक पुष्कळ जण करतात. ती आमच्या घरातही झाली.

मायेने केलेल्या चुका

माझे बाबा कळमन्याच्या बाजारात हमाली करतात. आई शिवणकाम करते. ताई लहान असताना घरच्यांनी तिला ताजबागेला नेले, कोराडीच्या देवीला नवस केला, मालिशवाल्यांना पैसे दिले. जे सुचले आणि जे परवडले, ते सगळे केले. प्रेमात कुठे उणे नव्हते. तरीही चूक झाली, आणि ती प्रेमातूनच झाली.

ताईला स्वतःच्या हाताने चहा प्यायला पंधरा मिनिटे लागतात, आणि थोडा सांडतो. आईने पाजला तर दोन मिनिटांत होतो. म्हणून आई पाजत असे. ताईला एक वाक्य बोलायला वेळ लागतो. घाईने बोलायला लावले, की अंग अधिकच ताठरते आणि शब्द अडकतात. म्हणून पाहुण्यांच्या प्रश्नाला तिच्याऐवजी मीच उत्तर देत असे. एकदा सीताबर्डीवर एका दुकानात ताईसाठी कापड घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने ताईच्या समोर आईला विचारले, ‘‘हिला कोणता रंग आवडतो?’’ आईने उत्तर दिले, ‘‘गुलाबी.’’ ताईला गुलाबी रंग मुळीच आवडत नाही, हे मला गेल्या वर्षी कळले. घरात एकत्र राहूनही ते मी तिला कधी विचारले नव्हते.

शाळेचेही तसेच झाले. पाचवीपर्यंत ताई शाळेत गेली. बाबा कामावर जाताना तिला पाठीवर घेऊन सोडत, आणि सुटीच्या वेळी आई आणत असे. वर्ग तळमजल्यावर होता. सहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर. ‘‘रोज वर कोण उचलून नेणार? पडली तर जबाबदारी कोणाची?’’ असे शाळेत सांगितले गेले. बाबांनी मान डोलावली आणि ताईची शाळा संपली. त्या वेळी शिक्षणहक्काचा कायदा लागू होऊन काही वर्षे झाली होती. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत जागा देणे हे १ एप्रिल २०१० पासून सरकारवर बंधनकारक होते. पण हे आमच्या घरी ठाऊक कोणाला असणार? आम्ही समजलो, शाळेची काय चूक, मुलगीच तशी!

त्यानंतर ताई माझ्या पुस्तकांवर शिकली. माझे पाढे तिने घेतले. मी सहावीत गेलो तेव्हा माझ्या पुस्तकांतून तीही सहावी शिकली, म्हणजे आपल्या वेळेच्या तीन वर्षे मागून. दहावीला भूमितीची प्रमेये तिने मला समजावून दिली. मार्कलिस्ट माझी आली, पेढे माझे वाटले गेले. आज आमच्या गल्लीत ‘घरातला पहिला कॉलेजात जाणारा’ म्हणून माझे कौतुक होते. हे कौतुक ऐकताना मला ओशाळल्यासारखे होते. खरे म्हणजे पहिला नंबर तिचा होता. मध्ये एक जिना आला.

मुंबईतील एक उदाहरण

या विषयावर वाचायला लागलो तेव्हा आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी मला मालिनी चिब यांचे ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन दिले. इंग्रजी पुस्तक, त्यामुळे शब्दकोश जवळ घेऊन वाचायला मला दोन महिने लागले.

मालिनीबाईंचा जन्म १९६६ सालचा, कोलकात्याचा. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी झाली. या मुलीचे काही होऊ शकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आईवडील इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या शाळेत मुलीची बुद्धी उत्तम असल्याचे दिसून आले. परत येऊन पाहतात तो मुंबईत अशा मुलांसाठी शाळाच नाही. तेव्हा त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ साली ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था काढली आणि कुलाब्याला अगदी मोजक्या मुलांना घेऊन शाळा सुरू केली. अभिनेत्री नर्गिस या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. मिठूबाईंना १९८९ साली पद्मश्री मिळाली. ही संस्था आता ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते, आणि वेगळ्या शाळेपेक्षा सर्व मुलांनी एकाच शाळेत एकत्र शिकावे, हा तिचा आग्रह आहे.

मालिनीबाई मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून बी. ए. झाल्या. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी दोन विषयांत एम. ए.च्या तोडीच्या पदव्या घेतल्या. मुंबईत एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानात त्यांनी कार्यक्रमांच्या आयोजनाची नोकरी केली. बोलणे लोकांना कळावे म्हणून त्या एक यंत्र वापरतात. मजकूर टाइप केला की ते यंत्र तो बोलून दाखवते. आपले पुस्तक त्यांनी एका बोटाने टाइप केले. नावाचा अर्थ तोच. त्यांच्या नात्यातल्या शोनाली बोस यांनी त्यांच्यावरून सुचलेला ‘मार्गरिटा विथ अ स्ट्रॉ’ हा चित्रपट २०१४ साली काढला. अशा मुलीलाही प्रेम, मैत्री, रुसवाफुगवा, चूक करण्याची हौस हे सगळे असते, असे तो चित्रपट सांगतो. आपण मात्र अपंग माणूस म्हटला की त्याला एकतर देव करतो, नाहीतर लहान मूल.

पुस्तकातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. लंडनमध्ये मालिनीबाई विजेवर चालणाऱ्या खुर्चीतून एकट्या हिंडत. मुंबईत आल्या की त्यांचे एकट्याने हिंडणे बंद होई. बाई त्याच, हातपाय तेच, बुद्धी तीच. बदलला तो फक्त रस्ता. म्हणजे अपंगत्व थोडे शरीरात असते आणि बरेचसे बाहेर, फुटपाथच्या उंचीत आणि बसच्या पायरीत असते. हे वाचले त्या रात्री मला आमच्या शाळेचा जिना आठवला.

‘हे मोठ्या लोकायचं आहे’

मी मोठ्या उत्साहाने ही कथा घरी सांगितली. बाबा जेवत होते. म्हणाले, ‘‘हे मोठ्या लोकायचं आहे. आपल्याले कोण नेते इंग्लंडले?’’

बाबांचे म्हणणे खोटे नाही. इंग्लंडचे शिक्षण, विजेची खुर्ची, बोलणारे यंत्र यांना पैसा लागतो. हा आक्षेप टाळून पुढे गेलो तर हा अभ्यास अपुरा राहील. म्हणून मी आणखी शोध घेतला. तेव्हा आयर्लंडमधील ख्रिस्टी ब्राउन भेटला. डब्लिनमधल्या एका गवंड्याचा हा मुलगा. घरात भावंडांची रांग, आणि याला सेरेब्रल पाल्सी. सर्व शरीरात फक्त डावा पाय त्याच्या हुकमात होता. पाच वर्षांचा असताना त्याने बहिणीच्या हातचा खडू डाव्या पायाच्या बोटांत धरला, आणि आईने जमिनीवर काढून दाखवलेले पहिले अक्षर गिरवले. पुढे तो लेखक आणि चित्रकार झाला. त्याचे ‘माय लेफ्ट फूट’ हे आत्मचरित्र १९५४ साली प्रसिद्ध झाले.

बाबांनी विचारले, ‘‘गवंडी होता त्याचा बाप?’’ मी हो म्हटले. ते आणखी काही बोलले नाहीत, पण ताट बाजूला सारून ताईशेजारी जाऊन बसले.

आपल्या महाराष्ट्रातही दुसरे उदाहरण आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना सेरेब्रल पाल्सी नाही. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठीतच आहे. ज्यांना इंग्रजीची अडचण वाटते त्यांनी ते अवश्य वाचावे.

हात कोणाचा, निर्णय कोणाचा?

या सर्वांच्या आयुष्यात एक गोष्ट समान दिसते. यांपैकी कोणीही ‘कोणाच्याही मदतीशिवाय’ जगलेले नाही. मालिनीबाईंना कपडे घालायला मदत लागते. ख्रिस्टीला लागत होती. मग त्यांना स्वतंत्र का म्हणायचे?

याचे उत्तर अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांच्या चळवळीत मिळाले. पोलिओमुळे रॉबर्ट्स यांचे मानेखालचे शरीर लुळे होते, श्वासालाही यंत्र लागे. तरी ते कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकले, आणि मुंबईत मिठूबाईंनी संस्था काढली त्याच १९७२ साली बर्कली येथे ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ सुरू झाले. रॉबर्ट्स तिथले धुरीण. या चळवळीचा विचार थोडक्यात असा : माणूस किती कामे स्वतःच्या हातांनी करतो यावर त्याचे स्वातंत्र्य ठरत नाही. कधी उठायचे, काय खायचे, काय शिकायचे, कोणाशी मैत्री करायची, मदत कोणाची आणि केव्हा घ्यायची, हे ठरवणारा तो स्वतः आहे की नाही, यावर ते ठरते. हात दुसऱ्याचा असेल. निर्णय आपला हवा.

विचार केला तर आपण सगळेच दुसऱ्याच्या हातांवर जगतो. माझ्या बाबांच्या टोळीत सहा हमाल आहेत. दिवसभरात कोणत्या दुकानाची किती पोती उतरवली आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती आले, याचा हिशेब गेल्या दिवाळीपासून ताई करते. बाबा रात्री आकडे सांगतात, ती डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाइलवर टिपते आणि सहाही जणांना पाठवते. आधी हिशेबावरून टोळीत भांडणे होत, ती थांबली. दोन महिन्यांनी ताईने बाबांना सांगितले की हे काम फुकट होणार नाही. बाबांना हसू आले; पण टोळीने मान्य केले, आणि आता महिन्याला सहा जण मिळून तिला तीनशे रुपये देतात. टोळी तिच्या हिशेबावर अवलंबून आहे, पण त्या सहा जणांना कोणी परावलंबी म्हणत नाही. मग एक कप चहासाठी आईवर अवलंबून असणारी ताईच तेवढी परावलंबी कशी?

पहिल्या कमाईतून तिने कापड घेतले. रंग निळा.

१९ एप्रिल २०२४ रोजी नागपुरात लोकसभेचे मतदान झाले. ताईचे ते पहिले मत. बाबांनी तिला केंद्रापर्यंत नेले, पण बटण तिने स्वतः दाबले, त्याच बोटाने. मत कोणाला दिले हे बाबांनी चार दिवस विचारले. तिने अजून सांगितलेले नाही.

कायदा आणि जिना

आपल्या देशात कायदे चांगले आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मेंदूच्या पक्षाघाताचा समावेश होता. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. सध्याचा कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेला. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे, सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा आहेत. इमारती सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, असेही त्यात सांगितले आहे.

कायद्याची धार एका खटल्यात दिसली. कोलकात्याच्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या ‘अडॅप्ट’च्याच परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवण्यात आले. कारण काय, तर त्यांची प्रकृती प्रवासाला योग्य वाटली नाही! त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने त्या विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. मला भरपाईच्या रकमेपेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. बाबांनी शाळेत मान डोलावली होती; जीजाबाईंनी ती डोलावली नाही. फरक हिमतीचा नव्हता. हक्क माहीत असण्याचा होता.

आता आम्हालाही थोडे माहीत झाले आहे. ताईचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले. १७ नंबरचा फॉर्म भरून या वर्षी ती दहावीला बसत आहे. तिला लेखनिक मिळणार आणि तासामागे २० मिनिटे जादा. लेखनिक मीच होणार असे मी गृहीत धरले होते. तिचे बोलणे माझ्याइतके कोणाला कळते? पण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो, बी. ए.चा चालत नाही. मला वाईट वाटले. ताई म्हणाली, ‘‘बरं झालं तुले चालत नाही. तू माह्यं ऐकलंच नसतं, तुह्यंच उत्तर लिवलं असतं.’’

हे वाक्य ऐकून मी निरुत्तर झालो, कारण ते खरे होते. पाहुण्यांसमोर मी वर्षानुवर्षे तेच केले होते. सध्या शेजारची नववीतली एक मुलगी रोज संध्याकाळी येते. ताई सांगते, ती लिहिते. पहिल्या आठवड्यात दहा शब्दांतले चार तिला कळत. आता नऊ कळतात. दहावा कळला नाही तर ती पुन्हा विचारते आणि थांबते. मदत करण्याची खरी रीत मी या मुलीकडून शिकलो : विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.

आई अजून धास्तावलेली असते. ‘‘मी जित्ती आहो तोवर तिले कायची काळजी?’’ असे ती म्हणते. पण आई, तुझ्यानंतर? बाबांची पाठ आताच रात्री दुखते. मायेला वय असते. म्हणून मायेच्या जोडीला शिक्षण, मिळकत आणि उतार असलेल्या इमारती हव्यात. त्यांच्या बळावर ताई आमच्यानंतरही आपल्या मर्जीने जगू शकेल.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळतो. ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ हा वाक्प्रचार आपण सोडून द्यावा असे मी म्हणत नाही. पण त्यातला पाय हा शरीराचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. जो आपल्या आयुष्याचे निर्णय स्वतः घेतो आणि लागेल ती मदत मान खाली न घालता मागतो, तो चाकाच्या खुर्चीत बसूनही स्वतःच्या पायावर उभा आहे. आणि ज्याचे निर्णय दुसराच घेतो, तो धडधाकट असला तरी अजून उभा राहायचा आहे. या कसोटीवर मी स्वतः किती उतरेन, याची मला शंका आहे.

शेवटी प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपल्या शहरात मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्थानकावर लिफ्ट आली. ताई त्या लिफ्टने वर जाऊन पहिल्यांदा खिडकीतून नागपूर पाहून आली आहे. म्हणजे मनावर घेतले तर होते. आपल्या महाविद्यालयाचे कार्यालय दोन पायऱ्या चढून आहे आणि ग्रंथालय पहिल्या मजल्यावर आहे. तो जिना मी मोजला, एकवीस पायऱ्यांचा आहे. सगळे एका वर्षात होणार नाही, हे मला कळते. पण दोन पायऱ्यांना उतार करायला चार पोती सिमेंट पुरेल, आणि कला शाखेचे वर्ग तळमजल्यावर आणायला तेवढेही लागणार नाही. ताई दहावी झाली आणि पुढे बारावी झाली, तर अडीच वर्षांनी ती इथे प्रवेशाचा अर्ज घेऊन येईल. तिने विषयही ठरवून ठेवले आहेत. मी सुचवलेले नव्हेत.